हातचा

जुलै. मासेरूत या दिवसांत नळातलं पाणी गोठतं.
मंत्रालयाच्या तिसऱ्या मजल्यावर हीटर एकच,
तोही संचालकांच्या खोलीत.
घोंगडी गुडघ्यांवर ओढून मी जुळवते आहे
देशाने एका वर्षात एका विषाणूवर किती पैसा घातला.
शुक्रवारी अहवाल छापायला जायचा आहे.

कुणी दिला, कुणाच्या हातून गेला, कशावर उठला:
एकाच रकमेला तीनदा विचारायचं
आणि तिन्ही वेळा तिने तेच सांगायला हवं.
सांगत नाही.
फितूर साक्षीदार परवडला.

गोळ्यांचा मेळ बसला.
तपासण्यांचाही, चार हजार मालोटी इकडेतिकडे.
‘क्षमतावृद्धी’च्या रकान्यात
एका हॉटेलातली तीन दिवसांची जेवणं निघाली,
मेंढीचं मटण, दोन तऱ्हांची पुडिंगं.
त्यांच्या पावत्या स्वच्छ, शिक्क्यासकट.

मग मोखोत्लोंगच्या खोक्यात, सगळ्यात तळाशी,
साखरेच्या पुड्याचा फाडलेला कागद.
पेन्सिलीने, अक्षर अन् अक्षर घोटून:

ओट्स दोन पोती. नाल चार.
घोडीच्या घशाचं औषध.
रक्ताच्या नळ्या दवाखान्यातून खाली नेल्या, सोळा वेळा.
दोन वेळा नदीला पाणी होतं, थांबलो,
रक्त खराब झालं. ते दोन धरू नयेत.
सेआबाता. घोडी नालेदी.

ते दोन धरू नयेत.
मी खुर्ची मागे सरकवून थोडा वेळ नुसती बसते.

संकेतांक-पुस्तिका एकशेबारा पानांची.
वाहन म्हणजे पेट्रोल, टायर, विमा, चालकाचा भत्ता.
घोडी कुठल्या रकान्यात चरते?

टोर्बेनना फोन लावते. सल्लागार आहेत, भले गृहस्थ,
मागच्या खेपेला माझ्या मुलासाठी रंगीत खडू घेऊन आले होते.
म्हणाले, ‘इतर’मध्ये टाका, दिमाकात्सो, रक्कम नगण्य आहे.
नगण्य. म्हणजे जी गणायची नाही.
शब्दात काही चूक नाही.

पान सत्तेचाळीस: घरच्यांनी केलेली शुश्रूषा, विनामोबदला.
पुढे एक आडवी रेघ.
केनुए अंथरुणाला खिळली तेव्हा
आईने जीन्स शिवायच्या फॅक्टरीतली नोकरी सोडली,
चौदा महिने. तिचा पगार मला अजून पाठ आहे.
कॅल्क्युलेटर समोरच होता. गुणला.
उत्तर आलं, आकडा स्वच्छ, पूर्णांकात.
मग मी ते पुसलं.
पदरमोड या देशात घोंगडीच्या टोकाला बांधलेली असते;
गाठ सोडून दाखवायची आमच्यात रीत नाही.

शाळेत हातचा बोटावर धरायचो.
बाई म्हणायच्या, हातचा विसरलात
तर शेवटचा आकडा बरोबरच दिसेल.
चूक पुढे होते, मोठ्या घरात.
तिथे कुणी बघत नाही.

साडेसात. पहारेकरी दिवे मालवत जिना उतरतो आहे,
माझ्या दारापाशी थबकतो, खोकतो, पुढे जातो.
दवाखान्याला फोन करते. नर्स म्हणते,
सेआबाता अजून परतला नाही, खिंडीत बर्फ आहे.
विचारायचं होतं दराबद्दल, ओट्सच्या पोत्याच्या.
विचारलं भलतंच:
घोडीचा घसा कसा आहे?
ती हसली. म्हणाली, उतार आहे.

वाहतूक, आंतरजिल्हा: घोडी, एक.
फेऱ्या चौदा.
टोर्बेन सोमवारी लाल शाई लावून परत पाठवतील.
पाठवू देत.

कागदाची झेरॉक्स काढली, मूळ प्रत खोक्यात ठेवली.
काचेवर साखरेचे चार-पाच कण राहिले होते.
बोटाने टिपले.
इकडेतिकडे पाहिलं, आणि जिभेवर ठेवले.